रोझुवास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन: कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा अनुभव

आधी ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेत होते, आता रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेते. दोन्ही स्टॅटिन गटातल्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. औषध म्हणून दोन्हींना माझा चांगला शेरा आहे. ज्या पद्धतीने त्या आपल्या हातात पडतात तिला मात्र नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, तेवढं तरी वाचाच, कारण आमच्या घरात खरा त्रास तिथूनच झाला.

मी साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. थोरल्या भावाला स्टेंट बसवला आहे. मला ब्लड प्रेशर आहे. तपासणीत माझं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं "वाईट" कोलेस्टेरॉल, १७१ आलं. तोवर मी तेल कमी केलं होतं, फरसाण बंद केलं होतं, सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढत होते. आकडा हलला तो जेमतेम. आमचे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, हे खाण्यातलं कमी आणि घराण्यातलं जास्त आहे. गोळी लागेल."

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. त्या प्रक्रियेतलं एक मुख्य एन्झाइम स्टॅटिन रोखतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागलं की ते आपल्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत खेचतं. रक्तातला आकडा उतरतो तो असा. हे औषध मुळात बुरशीतून आलं. जपानचे अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळसर-हिरव्या पेनिसिलियममधून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं. १९८७ मध्ये लोवास्टॅटिन बाजारात आलं. एवढ्या वर्षांत लाखभराहून जास्त लोकांवर रीतसर चाचण्या झालेली औषधं फार थोडी आहेत, आणि स्टॅटिन त्यांतलं एक आहे. ज्यांना "केमिकल" या शब्दाचीच धास्ती वाटते त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी लहान, पांढरी. चव नाही, पोटात जळजळ नाही, जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही. ती शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून रात्रीच घ्यायला हवी असंही नाही. (सिम्व्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन लवकर उतरतं, ते रात्री घ्यायला सांगतात.) पुढच्या तपासणीत माझं एलडीएल ९६ आलं. परिणामाच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

मग पाय दुखायला लागले. दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. उसण भरते तसं नाही, गोळा येतो तसंही नाही. चढावरच्या चार भिंती स्मारकाच्या वळणापर्यंत जाईस्तोवर पाय जड होऊन जायचे, आणि वर्गात फळ्यावर लिहून खाली बसले की उठताना हात टेकावा लागायचा. उतरताना गुडघा दुखला असता तर मी वयाच्या नावावर टाकून दिलं असतं. पण हे सांध्यात नव्हतं, मांसात होतं.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलेले प्रश्न इथे मुद्दाम देते, कारण तुम्हालाही कुणी हेच विचारायला हवं. "दोन्ही पायांत सारखं आहे की एकाच?" "गोळी सुरू केल्यावर किती आठवड्यांनी?" "मध्ये दुसरं कुठलं औषध घेतलं? अँटिबायोटिक, बुरशीचं, काहीही?" "लघवीचा रंग बदलला का?" मी म्हटलं, "अरे, गोळी बंद करू का, एवढं सांग." तर म्हणाले, "बाई, आधी रक्त बघू. नुसती बंद केली तर आपल्याला कळणार काहीच नाही."

रक्ताच्या तीन तपासण्या झाल्या. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. टीएसएच, कारण थायरॉईड मंद असेल तर स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. आणि ड जीवनसत्त्व. सीपीके द्यायला जाण्याआधी दोन दिवस चढ बंद ठेवायला सांगितलं होतं, कारण जोराच्या व्यायामानेही ते वाढतं. हे लॅबवाल्याने सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं. सीपीके ठीक, थायरॉईड ठीक, ड जीवनसत्त्व १४, म्हणजे बरंच कमी. त्याची आठवड्याला एक पुडी सुरू झाली. गोळी काही आठवडे थांबवली. दुखणं ओसरलं. ड जीवनसत्त्व भरून निघाल्यावर तीच गोळी पुन्हा सुरू केली, आणि मांड्या पुन्हा जड झाल्या, पहिल्यापेक्षा कमी, पण झाल्या.

इथवरचं ऐकून आमच्या स्टाफरूममधल्या बहुतेकांनी निकाल लावून टाकला की गोळी वाईट. मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून गोळी सोडून दिलेली ६० माणसं त्यांनी घेतली. त्यांना बारा बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या गोळीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. रोज त्रासाला शून्य ते शंभर गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी त्रास ८, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४, आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर जो जास्तीचा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. आपले स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असा लावू नका. त्या माणसांचे पाय खरोखर दुखत होते, औषध नसलेल्या महिन्यातही. गोळीला घाबरलेलं शरीर दुखतं, आणि ते दुखणं दुखणंच असतं. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांची एकत्र मांडणी आली, १,२३,९४० माणसांची. स्टॅटिन घेणाऱ्यांत स्नायूंची तक्रार २७.१ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. पहिल्या वर्षी हजारात साधारण ११ जणांना औषधामुळे जास्तीचा त्रास, त्यानंतर फरक जवळपास उरत नाही. म्हणजे औषधाने पाय दुखणारी माणसं आहेत, पण थोडी. बाकीच्यांचे पाय वयाने, कामाने, थायरॉईडने, ड जीवनसत्त्वाने नाहीतर धास्तीने दुखतात. माझ्या बाबतीत गोळी थांबवून, पुन्हा सुरू करून पाहिल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलायचं ठरवलं. योग्य केलं.

रोझुवास्टॅटिनची सुरुवात ५ मिलिग्रॅमने झाली. मला वाटलं होतं १० किंवा २० देतील. पण आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात हे औषध गोऱ्या लोकांपेक्षा साधारण दुप्पट चढतं आणि भारतीयही त्यात आले. अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच आशियाई रुग्णांना ५ पासून सुरू करा असं छापलेलं आहे. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी २० ची चिठ्ठी घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना नुकताच अटॅक येऊन गेला त्यांना मोठा डोस लागतो, ते वेगळं. पण नुसता रिपोर्ट वाढलेला असताना हातात २० पडली तर "पाचपासून करता येईल का?" एवढं विचारायला हरकत नाही.

५ वर एलडीएल १०४, १० वर ९१. डॉक्टरांनी मला शंभराच्या खाली राहायला सांगितलं आहे. पायांची तक्रार गेली. चढ पूर्ण होतो.

या गोळीचं एक पथ्य मला केमिस्टने सांगितलं नाही, डॉक्टरांनीही पहिल्या भेटीत नाही. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध रोझुवास्टॅटिनबरोबर घेतलं तर गोळीचा रक्तातला अंश निम्म्यावर येतो. गोळी घेतल्यावर दोन तास थांबून ते औषध घ्यायचं. रात्री जेवण झालं की एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने ॲसिडिटीची बाटली, हे आपल्याकडे किती घरांत चालत असेल! मग रिपोर्ट उतरत नाही, डोस वाढतो, आणि डोसाबरोबर त्रासाची शक्यताही.

ॲटोरव्हास्टॅटिनची पथ्यं वेगळी. ते आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडलं जातं. ग्रेपफ्रूट ते एन्झाइम अडवतं, मग औषध रक्तात साचतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातं, असं वाटेल. पण पपनस हे त्याचंच जवळचं नातेवाईक, आणि ग्रेपफ्रूटमधली ती द्रव्यं पपनसातही असतात. गणपतीत फळांच्या ताटात पपनस असतंच, आणि मग ते सोलून मीठ-साखर लावून खाणंही आलं. एखादी फोड प्रसाद म्हणून घेतली तर काही होणार नाही, पण रोज वाटीभर खाऊ नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन. घसा किंवा छाती धरली की दिलं जाणारं हे अँटिबायोटिक ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन दोन्हींना रक्तात साचवतं. ते लिहून मिळालं तर "मी कोलेस्टेरॉलची गोळी घेते" हे तोंडाने सांगा. तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं की अँटिबायोटिक बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील.

साखरेचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. स्टॅटिनने साखर थोडी वाढते, हे खरं आहे. २०२४ च्या मोठ्या विश्लेषणात नवीन मधुमेहाचं प्रमाण हलक्या-मध्यम डोसात साधारण १० टक्क्यांनी आणि जास्त डोसात ३६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ३६ ऐकून घाबरू नका. ती मुळातल्या प्रमाणात झालेली वाढ आहे, शंभरातल्या ३६ माणसांना मधुमेह झाला असं नाही. ज्यांना झाला त्यांतले बहुतेक आधीच काठावर होते. रोझुवास्टॅटिनच्या एका जुन्या चाचणीत अशा लोकांचा मधुमेह सरासरी पाच-साडेपाच आठवडे लवकर उघड झाला. माझं एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ५.९ होतं, ६.१ झालं. मी ते गांभीर्याने घेते, वर्षातून दोनदा तपासते, रात्रीचा भात कमी केला आहे. पण वडिलांच्या वयाचा विचार केला की ०.२ साठी गोळी सोडणं मला परवडणारं नाही.

यकृताबद्दल थोडक्यात. सुरुवातीला एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्या. पूर्वी दर काही महिन्यांनी करायला सांगत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१२ मध्ये ती नेहमीची सक्ती काढली, कारण गंभीर इजा फारच दुर्मिळ. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असं झालं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. विसराळूपणाच्या तक्रारी क्वचित नोंदल्या गेल्या आहेत, गोळी थांबवल्यावर त्या जातात. गरोदर असाल, मूल हवं असेल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्या काळात सहसा ही गोळी देत नाहीत.

आता खरी भीतीची गोष्ट. क्वचित कधी स्नायू इतके तुटतात की त्यातलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. जमिनीवरून उठता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही, लघवी कोऱ्या चहासारखी होते. अशा वेळी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन होतं. त्याने, विशेषतः जेमफिब्रोझिल या दुसऱ्या औषधाबरोबर, हे इतक्या वेळा झालं की जगभरात पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले आणि बायर कंपनीने ऑगस्ट २००१ मध्ये ते बाजारातून काढलं. आजच्या गोळ्यांत ही शक्यता फार फार कमी आहे. मोठा डोस, उतारवय, बारीक अंगकाठी, कमजोर मूत्रपिंड आणि न जुळणारी औषधं एकत्र आली की ती वाढते.

ज्यांना स्टॅटिन खरोखर सोसत नाही त्यांच्यासाठी एझेटिमाइब आहे, आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं, सौम्य. बेम्पेडोइक ॲसिड आहे, ते स्नायूंत जवळजवळ सक्रिय होत नाही, पण युरिक ॲसिड वाढवतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा आजार, असलेल्यांनी आधी सांगावं. वर्षाला दोन घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत, महाग आहेत. आणि "नैसर्गिक" म्हणून लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल विकतात, त्यांत लोवास्टॅटिनच असतं, फक्त किती ते कुणी मोजलेलं नसतं. दुधीच्या रसाबद्दल एवढंच की कडू लागला तर घोटभरही पिऊ नका, तो विषारी असतो. लसूण, जवस, चालणं सगळं करा, मीही करते, पण गोळी चालू ठेवून.

किंमत. पूर्वी ब्रँडची घ्यायचे, आता जनऔषधी केंद्रातून घेते. निम्म्याहून कमी पैशात पडते आणि रिपोर्टमध्ये काही फरक पडला नाही. कधी कधी साठा संपलेला असतो, म्हणून एक पट्टी शिल्लक असतानाच जाते.

तर आता हातात पडण्याची पद्धत. इतकी वर्षं गोळ्या घेते, मराठीतलं सोडा, इंग्रजीतलंही माहितीपत्रक मला एकदाही मिळालेलं नाही. केमिस्ट कात्रीने पट्टी कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं अर्धं नाव असतं, कधी तेही नाही, आणि एक्सपायरी नेमकी दुसऱ्या तुकड्यावर गेलेली. ब्रँडचं नाव ठळक अक्षरात, आत काय आहे ते मुंगीएवढ्या अक्षरात. याचा परिणाम आमच्या दादाच्या बाबतीत बघायला मिळाला.

दादा एकाहत्तर वर्षांचा, अंगाने किडकिडीत. स्टेंटनंतर त्याला एका मोठ्या दवाखान्यातून एक कॅप्सूल सुरू झाली. तिच्यात रक्त पातळ करणारी दोन औषधं आणि रोझुवास्टॅटिन १०, तिन्ही एकत्र. गावाकडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून वेगळ्या ब्रँडची रोझुवास्टॅटिन २० लिहिली. दोन डॉक्टर, दोन डबे, दोन वेगळी नावं. वहिनी रोज दोन्ही काढून द्यायची, अगदी वेळेवर. दादाला जिना चढवेना. "वय झालं," म्हणत बसला. दिवाळीला गेले तेव्हा मी दोन्ही डबे खिडकीशी नेऊन चष्म्याने वाचले, आणि तेच नाव दोन्हींवर दिसलं. दुसऱ्या दिवशी सीपीके केलं, चौपट निघालं. मूत्रपिंडं सुदैवाने ठीक होती.

वहिनीचं यात काही चुकलं नाही. तिने चिठ्ठीत होतं ते दिलं. आत काय आहे हे तिला वाचता येईल अशा अक्षरात, तिला येणाऱ्या भाषेत कुणी छापलंच नव्हतं. मला कंपन्यांकडून हवं आहे ते एवढंच. डब्यावर मराठीत, ठळक, "यात रोझुवास्टॅटिन आहे, हेच औषध दुसऱ्या नावाने घेत नाही ना ते पाहा". त्याखाली त्रासाची दोन-तीन लक्षणं. चार ओळी लागतील. बिस्किटाच्या पुड्यावर याहून जास्त मजकूर असतो.

तोवर मी माझ्यापुरतं असं करते: पट्टी अख्खीच घेते, ज्या बाजूला एक्सपायरी आहे त्या बाजूच्या गोळ्या शेवटी काढते, आणि घरातल्या प्रत्येकाच्या डब्यावर मार्करने औषधाचं मूळ नाव मराठीत लिहिते. दादाच्या घरीही लिहून आले. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी वेगळी गोळी बंद करून कॅप्सूल तेवढी ठेवली, जोडीला एझेटिमाइब दिलं. त्याचं एलडीएल आता ५२ आहे, ५५ च्या खाली हवं होतं. जिना चढताना तो आता कठड्याला धरत नाही, असं वहिनी परवा फोनवर सांगत होती.